फ्युएल ब्लॉकपुरते ग्रह : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२३

१२ जून २०२३

खेळ: ईव्ह ऑनलाइन, अंतराळातला ऑनलाइन खेळ. ठिकाण: दारव्हा तालुक्यातले आमचे गाव, माझा जुना लॅपटॉप आणि मोबाईलचा हॉटस्पॉट.

कॉर्पोरेशन, म्हणजे खेळातला आमचा गट, लहानशीच. मी, पुण्यात नोकरीला असलेला मामेभाऊ, गावातला सेवा केंद्रवाला मित्र आणि अधूनमधून उगवणारे दोघे-तिघे. ०.५ सुरक्षेच्या (आकडा जितका मोठा तितकी जागा सुरक्षित) एका सिस्टिममध्ये, म्हणजे एका ताऱ्याच्या ग्रहमालेत, आमचे अथानॉर, म्हणजे चंद्र खणायचे स्थानक, उभे आहे. चंद्र फोडायची ड्रिल सेवा चालू, बाकी सगळ्या सेवा बंद. ड्रिलला तासाला ५ फ्युएल ब्लॉक (इंधनाच्या विटा) लागतात आणि ते आजवर आम्ही जिटा या खेळातल्या मोठ्या बाजारातून विकत आणत आलो. भाव वर गेला की चंद्राच्या मातीतून जे सुटते ते ब्लॉकमध्येच जाते.

ठरले असे की ब्लॉकमधला ग्रहांवरून येणारा माल आपला आपण काढायचा. बर्फातून येणारा माल, म्हणजे हेवी वॉटर, लिक्विड ओझोन, स्ट्रॉन्शियम आणि आयसोटोप, मामेभाऊ खणून आणतो, त्यात मी पडत नाही. ग्रह माझ्याकडे.

बियाणे घरात येऊन पडले आहे, पाऊस नाही. म्हणून रात्री बसायला वेळ आहे.

१४ जून

आधी लागते किती ते काढले. मामेभावाने पहिल्याच दिवशी "सगळ्यात श्रीमंत ग्रह कोणता" ही यादी पाठवली होती, ती बाजूला ठेवली. किती लागते हे कळल्याशिवाय श्रीमंत ग्रहाचे करायचे काय?

ब्लॉकच्या एका फेरीत ४० ब्लॉक निघतात. त्यासाठी ग्रहांचा माल: कूलंट ९, एनरिच्ड युरेनियम ४, मेकॅनिकल पार्ट्स ४, ऑक्सिजन २२, रोबोटिक्स १. ब्लूप्रिंट सुधारून होणारी बचत हिशोबात धरली नाही, ती वरकड.

तासाला ५ म्हणजे दिवसाला १२० ब्लॉक, म्हणजे ३ फेऱ्या. ३० दिवसांच्या महिन्याला:

कूलंट ८१०
युरेनियम ३६०
मेकॅनिकल पार्ट्स ३६०
ऑक्सिजन १,९८०
रोबोटिक्स ९०

आता कारखान्याचा वेग. ग्रहावरचा कच्चा माल बेसिक कारखान्यातून गेला की पहिल्या पायरीचा होतो, तो अ‍ॅडव्हान्स्ड कारखान्यातून दुसऱ्या पायरीचा. अ‍ॅडव्हान्स्ड कारखाना तासाला ४० अधिक ४० असा दोन प्रकारचा पहिल्या पायरीचा माल घेतो आणि दुसऱ्या पायरीचे ५ नग देतो. म्हणजे महिन्याच्या कूलंटला १६२ तास पुरतात. महिन्यात तास ७२०. युरेनियमला तर ७२ तासच. रोबोटिक्स तिसऱ्या पायरीचा माल, १० मेकॅनिकल पार्ट्स आणि १० कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स मिळून तासाला ३, म्हणजे ३० तासांचे काम. त्या रोबोटिक्ससाठी पार्ट्स आणखी ३०० लागतील, म्हणून पार्ट्सचा आकडा ६६० धरायचा, त्याचे १३२ तास. कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स ३००, त्याचे ६०.

एकेका मालाला एक कारखाना दिला तरी तो महिन्यातले बहुतेक दिवस रिकामा बसेल. आमची गरज फार लहान आहे. ग्रह किती भरलेला आहे याला आमच्यापुरती जवळजवळ काहीच किंमत नाही.

हे मित्राला केंद्रावर सांगितले, तर तो सातबाऱ्याची प्रिंट काढता काढता म्हणतो, "मंग येवढं कायले पाहून रायला बे? जेथं भेटते तेथं लाव अन् मोकळा हो." त्याला हिशोबाचा कंटाळा. पण बोलला ते खोटे नाही.

१७ जून

ग्रहांचे आठ प्रकार: बॅरन, गॅस, आइस, लाव्हा, ओशनिक, प्लाझ्मा, स्टॉर्म, टेम्परेट. प्रत्येकावर कच्चा माल पाचच प्रकारचा, आणि तो प्रकारावरूनच ठरलेला. प्लाझ्मा ग्रहावर तेच पाच, मग तो कोणत्याही सिस्टिममध्ये असो. बदलते ते फक्त प्रमाण.

म्हणून प्रश्न असा मांडला: कोणता माल एकाच ग्रहावर, बाहेरून काही न आणता, कच्च्यापासून दुसऱ्या पायरीपर्यंत पुरा होतो?

कूलंटला इलेक्ट्रोलाइट्स आणि पाणी लागते. इलेक्ट्रोलाइट्सचा कच्चा माल आयॉनिक सोल्युशन्स फक्त गॅस आणि स्टॉर्मवर, आणि पाण्याचा कच्चा माल त्या दोन्हींवर आहे. म्हणजे या दोनांतूनच निवड.

युरेनियमला प्रेशस आणि टॉक्सिक मेटल्स. प्रेशसचा कच्चा माल नोबल मेटल्स बॅरन आणि प्लाझ्मावर, टॉक्सिकचा कच्चा माल हेवी मेटल्स आइस, लाव्हा आणि प्लाझ्मावर. दोन्ही एकत्र फक्त प्लाझ्मावर. इथे पर्यायच नाही.

मेकॅनिकल पार्ट्सला रिअ‍ॅक्टिव्ह (बेस मेटल्समधून) आणि प्रेशस. बॅरन चालतो, प्लाझ्माही चालतो.

कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्सला टॉक्सिक मेटल्स आणि कायरल स्ट्रक्चर्स (नॉन-सीएस क्रिस्टल्समधून). लाव्हा किंवा प्लाझ्मा.

ऑक्सिजन नोबल गॅसमधून, तो गॅस, आइस आणि स्टॉर्मवर. ऑक्सिजन पहिल्याच पायरीवर संपतो, त्यामुळे तो सोपा.

कागदावर उभे-आडवे मांडल्यावर दिसले ते असे: प्लाझ्मावर बेस मेटल्स, हेवी मेटल्स, नोबल मेटल्स आणि नॉन-सीएस क्रिस्टल्स चारही आहेत. म्हणजे युरेनियम, पार्ट्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि त्या दोघांतून रोबोटिक्स, सगळे तिथल्या तिथे. उरले कूलंट आणि ऑक्सिजन, ते दोन्ही स्टॉर्मवर. पाच मालांना दोन ग्रह.

सगळ्यांचे नशीब असे नसते. सिलिकेट ग्लासचे सिलिकॉन फक्त लाव्हावर आणि ऑक्सिडायझिंग कंपाउंड फक्त गॅसवर. पॉलिअ‍ॅरमिड्स आणि मायक्रोफायबर शील्डिंगचेही तसेच, दोन ग्रह जोडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आमच्या ब्लॉकमध्ये यांतले काही नाही हे बरे.

२० जून

मामेभावाचा बेत पाच ग्रहांचा होता: बॅरनवर पार्ट्स, लाव्हावर इलेक्ट्रॉनिक्स, आइसवर ऑक्सिजन, गॅसवर कूलंट, प्लाझ्मावर युरेनियम. शिवाय रोबोटिक्स जोडायला कुठेतरी कारखाना. "दादा, एकेक वस्तू एकेका ग्रहावर ठेवली की डोक्याला ताप नाही, आणि प्रत्येक ठिकाणी दहा हेड लावून भरपूर निघेल."

हेड म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे कच्चा माल काढणाऱ्या यंत्राची, खणणारी टोके. भरपूर निघेल, खरे आहे. पण नेणार कोण? आणि टॅक्स?

टॅक्सचा हिशोब त्याला लिहून पाठवला. कस्टम्स ऑफिसमधून (ग्रहाभोवतीचे जकात नाके) माल वर काढताना टॅक्स लागतो तो पायरीच्या ठरीव किमतीवर: पहिल्या पायरीचा नग ४०० इस्क (खेळातले चलन), दुसऱ्या पायरीचा ७,२००, तिसऱ्या पायरीचा ६०,०००. खाली उतरवताना त्याच्या अर्धा. दर १० टक्के धरला तर पहिल्या पायरीचा एक नग वर काढायला ४० आणि दुसऱ्या ग्रहावर उतरवायला २०. दुसऱ्या पायरीचे ५ नग बनवायला ८० नग हलवायचे झाले तर ४,८०० नुसत्या ये-जा करण्यात गेले. वर ५ तयार नग काढायचे ३,६००. एकाच ग्रहावर बनवले तर फक्त ३,६००. आधीचे ४,८०० वाचतात.

रोबोटिक्सचेही तेच. पार्ट्स आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन ठिकाणी बनवून तिसऱ्या ठिकाणी जोडायचे तर प्रत्येक नगाला वर काढताना ७२० आणि उतरवताना ३६०. प्लाझ्मावरच जोडले तर हे सगळे वाचून शेवटी फक्त रोबोटिक्सचा टॅक्स.

त्याचे उत्तर आले, "बरं. पण मग हेड दहा लावता येणार नाहीत." नाही येणार. नकोच आहेत.

२४ जून

काल पाऊस आला. पेरणी. खेळ बंद.

३ जुलै

सोयाबीन उगवले, तूरही निघाली. बाबांनी आज डवरा काढून फाळ पाहून ठेवला. मला रात्र मोकळी.

सिस्टिम शोधायला एजन्सी खिडकीतली ग्रह-उत्पादनाची यादी वापरली. तिथे प्रकार निवडला की आसपासचे ग्रह दिसतात. सुरुवात प्लाझ्मापासून केली, कारण आठ प्रकारांत सगळ्यात दुर्मीळ तोच. बॅरन आणि गॅस कुठेही सापडतात, त्यांच्यापासून सुरुवात केली तर शेवटी प्लाझ्मासाठी दहा उड्या (एका सिस्टिममधून दुसरीत जाणे) मारत बसावे लागते. अडते तिथून निवड सुरू करायची, बाकीचे मागे लागून येते.

अथानॉरपासून चार उड्यांच्या आत दोन सिस्टिम निघाल्या जिथे प्लाझ्मा आणि स्टॉर्म दोन्ही आहेत. नावे इथे लिहीत नाही. वही मित्राच्या केंद्रावर उघडी पडलेली असते आणि त्याच्याकडे येणाऱ्या पोरांतली एक-दोन हाच खेळ खेळतात.

पहिली सिस्टिम ०.४ सुरक्षेची. तिथे कच्चा माल जास्त मिळतो, सुरक्षा खाली गेली की उत्पन्न वाढते हा खेळाचा नियमच आहे. पण तिथे जहाज फोडायला कोणी आले तर पोलीस येत नाहीत. माल उचलायला जायचे ते मी, आणि तेही शेतातून आल्यावर डोळे मिटत असताना. दुसरी ०.६ ची. तिथे प्रमाण कमी, टॅक्स थोडा जास्त, मात्र रस्ता सुरक्षित. चौदा तारखेच्या हिशोबाने माल कमी असून चालणार आहे, तेव्हा दुसरी.

त्याच सिस्टिममध्ये गॅस ग्रहही आहे आणि कूलंट त्यावरही झाले असते. पण त्याची त्रिज्या स्टॉर्मच्या कैकपट. ग्रह मोठा तर दोन इमारतींमधली लिंक लांब, आणि लिंक लांब तर ती वीजही जास्त खाते आणि सीपीयूही. मालाच्या यादीत दोन्ही ग्रह सारखे दिसतात, फरक या लिंकांत पडतो. निवडताना ग्रहाच्या माहितीत त्रिज्या जरूर पाहावी. मी तरी यापुढे आधी तीच पाहणार.

५ जुलै

स्टॉर्मवर वसाहत टाकली.

माझे कमांड सेंटर अपग्रेड्स कौशल्य चौथ्या पातळीवर आहे. त्या पातळीला वीज १७,००० मेगावॉट आणि सीपीयू २१,३१५. सीपीयूची चिंता नाही, अडते ते विजेपाशी. खेळातही आमच्या वाट्याला हेच यावे!

मांडणीचा हिशोब:

एक्स्ट्रॅक्टर ३, प्रत्येकी २,६०० = ७,८००
हेड ५, प्रत्येकी ५५० = २,७५०
बेसिक कारखाने ३, प्रत्येकी ८०० = २,४००
अ‍ॅडव्हान्स्ड १ = ७००
लाँचपॅड (माल साठवून वर पाठवायची जागा) १ = ७००
एकूण १४,३५०

उरलेले २,६५० लिंकांना. भरपूर आहे.

हेड असे वाटले: पाण्याला २, इलेक्ट्रोलाइट्सला २, ऑक्सिजनला १. महिन्याचे ६,४८० नग पाणी आणि तितकेच इलेक्ट्रोलाइट्स लागतात. बेसिक कारखाना ३,००० कच्च्यातून २० नग देतो, म्हणजे प्रत्येकी ९,७२,००० कच्चा माल, तासाला १,३५०. ऑक्सिजनला तासाला ४१२ पुरेत.

स्कॅन केल्यावर ग्रहावर रंग उमटतात, निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, पांढरा म्हणजे सगळ्यात जास्त माल. पांढऱ्या डागावर सगळेच धावतात. मी मुद्दाम असा पट्टा शोधला जिथे तिन्ही मालांचे मध्यम रंग एकमेकांजवळ येतात. इलेक्ट्रोलाइट्सचा पांढरा डाग दुसऱ्या गोलार्धात होता, तिकडे गेलो नाही. एक लाँचपॅड मधोमध, चारही कारखाने त्याला चिकटून, एक्स्ट्रॅक्टर भोवती. कच्चा माल आधी पॅडवर, तिथून कारखान्यात, तयार होऊन परत पॅडवर. कार्यक्रम, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर एकदा लावला की चालायची मुदत, चौदा दिवसांचा. जास्तीत जास्त तेवढाच लावता येतो.

११ जुलै

प्लाझ्मा. इथे बसायला वेळ लागला, कारण ओढाताण आहे.

चारही कच्चे माल एका वेळी काढायचे म्हटले तर एक्स्ट्रॅक्टर ४, त्यांचेच १०,४०० मेगावॉट. प्रत्येकाला एकेकच हेड दिले तरी २,२००. बेसिक ४ चे ३,२००, अ‍ॅडव्हान्स्ड ३ चे २,१००, लाँचपॅड ७००. बेरीज १८,६००. सतरा हजारांत बसत नाही. कौशल्य पाचव्या पातळीवर नेले तर १९,००० मिळतात, पण मग लिंकांना ४०० उरतात, आणि ते शिकायला दोन आठवड्यांवर वेळ जातो. मामेभाऊ म्हणाला, "मग लाव ना दुसरा प्लाझ्मा." दुसरा प्लाझ्मा म्हणजे पुन्हा वर-खाली टॅक्स. म्हणजे सगळा बेतच गेला.

तोड निघाली ती एक्स्ट्रॅक्टरच्या स्वभावातून. एका एक्स्ट्रॅक्टरचा कार्यक्रम संपला की त्याच जागेवरून त्याला दुसरा माल काढायला लावता येतो. इमारत तीच, हेड फक्त सरकवायचे. वावर एकच, खरिपात सोयाबीन, रब्बीत चणा. मग चार एक्स्ट्रॅक्टर कशाला, दोनच ठेवू.

महिन्याचा कच्चा माल असा लागतो:

नोबल मेटल्स १२,२४,०००
हेवी मेटल्स ७,९२,०००
बेस मेटल्स ७,९२,०००
नॉन-सीएस क्रिस्टल्स ३,६०,०००

एकूण ३१,६८,०००. दोन एक्स्ट्रॅक्टर, तीस दिवस: प्रत्येकाने दिवसाला ५२,८००, तासाला २,२०० काढायचे. तीन हेडांत हे जमण्यासारखे आहे. आता वाटणी. नोबल मेटल्सना त्या वेगाने २३ दिवस, क्रिस्टल्सना ७, हेवीला १५, बेसला १५. तेवीस आणि सात मिळून तीस, पंधरा आणि पंधरा मिळून तीस! आकडा जुळवायला गेलो नव्हतो, आपोआप जुळला. असे फार वेळा होत नाही, म्हणून आनंद लिहून ठेवतो.

कार्यक्रमाची मर्यादा चौदा दिवसांची, म्हणून चक्र अठ्ठावीस दिवसांचे केले. पहिला एक्स्ट्रॅक्टर नोबलवर एकवीस दिवस, मग क्रिस्टल्सवर सात. दुसरा हेवीवर चौदा, बेसवर चौदा. नोबल किंचित कमी पडेल, तिकडे एक हेड वाढवून पाहू.

वीज: एक्स्ट्रॅक्टर २ चे ५,२००, हेड ६ चे ३,३००, बेसिक ४ चे ३,२००, अ‍ॅडव्हान्स्ड ३ चे २,१००, लाँचपॅड ७००, आणि कच्चा माल साठवायला स्टोरेज ७००. एकूण १५,२००. उरले १,८००. त्यातून एक हेड वाढवले तरी लिंकांना १,२५०. ग्रह लहान आहे, पुरले.

चारही बेसिक कारखाने कायमचे आपापल्या मालाला बांधून ठेवले. माल नसला की ते नुसते उभे राहतात, त्याचे काही बिघडत नाही. माल बदलताना फक्त एक्स्ट्रॅक्टर ते स्टोरेज हा एकच रूट (माल जायची वाट) नव्याने ओढायचा. बाकीच्याला हात लावायचा नाही. ही सोय स्टोरेजमुळे झाली. एक्स्ट्रॅक्टरवरून थेट कारखान्यात रूट नेला असता तर दर वेळी सगळे उकलावे लागले असते.

२३ जुलै

कालपासून लाईन नाही. यवतमाळ जिल्ह्यात पावसाने कहर केला, महागावकडे तांड्यावर अडकलेल्यांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टर आली. आमच्या नाल्याकाठच्या वावरात पाणी उभे आहे, तूर पिवळी पडेल.

वसाहती आपल्या चालू आहेत. लॉगिन असो नसो, कार्यक्रम चालत राहतो. चोवीस तासांचे कार्यक्रम लावून जास्त माल काढणारे या आठवड्यात आमच्याकडे असते तर त्यांचे सगळे एक्स्ट्रॅक्टर बंद पडले असते.

६ ऑगस्ट

डवरणी, निंदण, युरियाची रांग. आज लाँचपॅड उघडून पाहिले.

स्टॉर्म नीट. प्लाझ्मावर युरेनियम गरजेहून कितीतरी जास्त आणि टॉक्सिक मेटल्सचा साठा शून्य. कारण उघड आहे. हेवीचे चौदा दिवस चालू असताना प्रेशसही येत होते, युरेनियमच्या कारखान्याला दोन्ही मिळाले, तो खात सुटला. इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना कायरलची वाट पाहत बसला, आणि कायरल येईपर्यंत टॉक्सिक संपले.

कारखान्याला "इतकेच बनव" असे सांगायची सोय खेळात नाही. सोय एकच: त्याच्याकडे जाणारा रूट तोडणे. आता पद्धत अशी: युरेनियमचा साठा महिन्याच्या ३६० वर गेला की प्रेशसचा रूट तोडायचा. टॉक्सिक मग पॅडवर साचते, आणि क्रिस्टल्सचा आठवडा आला की इलेक्ट्रॉनिक्सला मिळते. जास्तीचे युरेनियम बाजारात लावले, गेले लगेच.

एका ग्रहावर सगळे करण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. दोन कारखाने एकाच पॅडवरून जेवतात, त्यांच्यात कोणी वाढपी नाही. पाच ग्रहांच्या बेतात ही भानगड नव्हती, हे मामेभावाचे श्रेय. तरी मी दोनच ग्रहांवर ठाम.

२० ऑगस्ट

पावसाने दडी मारली. जुलैत पाणी उपसत होतो, आता सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी तुषार लावावे लागताहेत. थ्री फेजची पाळी रात्रीची. विहिरीवर बसून मोबाईलवर मामेभावाशी बोलणे झाले.

त्याचे म्हणणे, चौदा दिवसांचे कार्यक्रम म्हणजे माल वाया घालवणे. कार्यक्रम लांब केला की एकेका फेरीची वेळ वाढते आणि तासाचे उत्पन्न घसरते, हे बरोबरच आहे. रोज येऊन हेड सरकवणारा माणूस त्याच ग्रहातून कितीतरी जास्त काढतो. पण रोज येणार कोण? खेळाचा सर्व्हर रोज ११ वाजता बंद होतो तो त्यांच्या घड्याळाने, आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार. त्याला सुट्टीच्या दिवशी नेमका तोच वेळ असतो. मला रात्री लाईन असली तर मोटर चालवायची असते, नसली तर लॅपटॉप चालत नाही.

शेवटी प्लाझ्मावर नोबलसाठी सात दिवसांचे कार्यक्रम आणि बाकी सगळे चौदाचे, असे ठरले. नोबलचीच तूट होती, ती यात भरून निघते. सातवे हेड काढून टाकले.

३ सप्टेंबर

मित्राने लाव्हाचा विषय काढला. त्याने कुठेतरी पाहिले की लाव्हावर मिनिएचर इलेक्ट्रॉनिक्स, ट्रान्समीटर, कन्स्ट्रक्शन ब्लॉक्स सगळे एकाच ग्रहावर होतात. खरे आहे, होतात. स्वतःपुरते भागवणाऱ्या ग्रहांत लाव्हा प्लाझ्माच्या खालोखाल सोयीचा. बॅरनही वाईट नाही: पार्ट्स, वॉटर-कूल्ड सीपीयू, बायोसेल्स, नॅनाइट्स, टेस्ट कल्चर्स. नवीन माणसाने पहिली वसाहत टाकायची तर मी बॅरनच सांगेन, कारण तो घराजवळ सापडतो.

पण आम्हाला यातले काय हवे आहे? "इकू ना बे," तो म्हणाला. विकायचे तर मग हिशोब वेगळा, भाव पाहायचा, फेऱ्या वाढवायच्या. त्याने स्वतःच्या नावावर टाकावी, कौशल्य त्याचे आहे. टाकतो म्हणाला. अजून टाकलेली नाही.

१५ सप्टेंबर

काल पोळा झाला. यंदा अधिक श्रावणामुळे उशिरा. आज तान्हा पोळा, पोरांची लाकडी बैलं दारोदार फिरताहेत, घरात लॅपटॉपकडे पाहायला कोणी नाही.

रोबोटिक्सचे काम आज. वेगळा कारखाना न टाकता इलेक्ट्रॉनिक्सच्याच कारखान्याचे स्किमॅटिक (काय बनवायचे ती कृती) बदलले. इलेक्ट्रॉनिक्स ३०० च्या वर साठले होते, पार्ट्सही होते. स्किमॅटिक बदलले की जुने रूट गळून पडतात: पॅडवरून पार्ट्स आत, इलेक्ट्रॉनिक्स आत, रोबोटिक्स बाहेर, असे तीन रूट नवीन. मग सबमिट. हे बटन दाबल्याशिवाय बाहेर पडलो तर सगळे तसेच राहते. तीस तासांत ९० रोबोटिक्स पडतील, मग परत इलेक्ट्रॉनिक्स.

पार्ट्सचा एक हिशोब इथे जपायचा. रोबोटिक्सच्या कारखान्याने ३०० च्या पुढे पार्ट्स खाल्ले तर ब्लॉकला कमी पडतील. त्यामुळे ब्लॉकचे ३६० आधी वर काढून अथानॉरच्या हँगरमध्ये नेऊन टाकले, आणि मग रूट जोडले.

२४ सप्टेंबर

आज सगळा माल अथानॉरवर आणला. ३० दिवसांच्या गरजेशी ताळा:

कूलंट ८१० पाहिजे, आहे त्याहून बरेच जास्त.
ऑक्सिजन १,९८० पाहिजे, भरपूर.
युरेनियम ३६०, पुरले.
मेकॅनिकल पार्ट्स ३६०, पुरले, वर मूठभर.
रोबोटिक्स ९०, बरोबर तेवढेच.

मामेभावाने बर्फाचा माल टाकला आणि ब्लॉकचे काम लावले. ऑक्सिजन आयसोटोप आणि ग्रहावरचा ऑक्सिजन हे दोन वेगळे माल आहेत हे त्याला पुन्हा एकदा सांगावे लागले, हँगरमध्ये त्याने दोन्ही एकाच डब्यात ठेवले होते.

स्टॉर्मवरचे पाणी आणि इलेक्ट्रोलाइट्स गरजेहून जास्त निघताहेत, तेव्हा दोन्हीकडून एकेक हेड कमी करतोय. उत्पन्न घटेल, घटू दे. पुढच्या महिन्यात सोयाबीनची सोंगणी आहे, कापूसही फुटायला लागेल, तेव्हा फक्त रविवारी बसणे होणार.

प्लाझ्मावर दुसरा एक्स्ट्रॅक्टर हेवीवरून बेसवर वळवला, स्टोरेजचा रूट ओढला, चौदा दिवस, सबमिट केले. युरेनियमचा रूट तोडलेला आहे, तो ८ ऑक्टोबरला जोडायचा. मित्राला सांगून ठेवले आहे, आणि केंद्रातल्या फळ्यावर नुसते "८ ता. रूट" असे लिहिले आहे.